पायरसीमुळे कन्सोल जास्त खपतो का, आणि कंपन्या मुद्दाम माल अडवून ठेवतात का?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्यात ते बरं झालं, कारण त्या एकमेकांत अडकलेल्याच आहेत. पहिली, पायरसीमुळे कन्सोल जास्त खपतात का. तुमचं उदाहरण सोनीच्या पीएस २ चं, म्हणजे प्लेस्टेशन २ चं आहे, चिप मारून (म्हणजे आत एक चिप सोल्डर करून, कॉपी केलेल्या गेम चालतील असा) मिळत नसता तर तो आपल्याकडे एवढ्या घरांत गेलाच नसता, असं तुमचं म्हणणं. दुसरी, पीएस ५ चा तुटवडा सोनीने हाइपसाठी मुद्दाम केला का. आणि शेवटी तुम्ही विचारता की दोन्हींनी फायदाच होत असेल तर कंपन्या पायरसीच्या मागे कोर्टात का पळतात आणि तुटवडा झाला की फॅक्टरी वाढवायच्या मागे का लागतात. केस स्टडी लिहिताय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी पुण्यात आधी कन्सोल रिपेअरिंग करायचो, नंतर स्वतःचं दुकान टाकलं, त्यामुळे मला जे दिसतं ते काउंटरवरून आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या मशीनमधून दिसतं, ते लक्षात ठेवून वाचा.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. सगळे मोजतात ते किती मशीन गेली ते. पण कन्सोल कंपनीचा धंदा मशीनवर उभाच नसतो. नवीन कन्सोल बऱ्याचदा तोट्यात नाहीतर अगदी बारीक मार्जिनवर विकतात, आणि त्यावर जी जी गेम विकली जाईल, मग ती कुठल्याही पब्लिशरची, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची असो, तिच्यामागे कंपनीला रॉयल्टी मिळते, शिवाय स्वतःच्या गेम, कंट्रोलर, ऑनलाइन सबस्क्रिप्शन हे वेगळंच. पीएस ३ चं बघा, २००६-०७ च्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३० अब्ज येनच्या वर तोटा झाला आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पीएस ३ बनवायला लागणाऱ्या खर्चापेक्षा कमी किमतीला विकत होते. मग अशा मशीनवर गिऱ्हाईकाने आयुष्यभर एकही ओरिजिनल गेम घेतली नाही तर ते मशीन विकणं म्हणजे कंपनीने खिशातून पैसे देऊन गिऱ्हाईक घरी पाठवणं झालं. म्हणून "कन्सोल किती खपले" ह्याच्या जागी "एका कन्सोलमागे किती गेम खपल्या" हा प्रश्न धरा, पुढचं बरंच काही त्यातून सुटतं.

आता पीएस २. जगात १५ कोटी ५० लाखांच्या वर गेला हा कन्सोल, आणि आपल्याकडे जे गेले त्यातले माझ्या टेबलावर आलेले जवळपास सगळे चिप मारलेले. तेव्हाचं गणित सोपं होतं, ओरिजिनल गेम हजार-दोन हजारांच्या घरात आणि रस्त्यावरची डीव्हीडी पन्नास-शंभरला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत पालिका बाजारला, चेन्नईत बर्मा बाजारला ढिगाने मिळायच्या. बाप पोराला एकदाच मशीन घेऊन द्यायचा तो ह्याच हिशोबाने, की पुढे खर्च नाही. म्हणजे तुमचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे, पायरसीने आपल्याकडे मशीन खपवली, मी ते डोळ्यांनी बघितलंय.

पण त्या मशीनचं पुढे काय व्हायचं ते पण बघा. हलक्या डीव्हीडी वाचताना पीएस २ ची लेन्स झगडायची, ओरिजिनल डिस्कवरून परत येणारा उजेड आणि असल्या डिस्कवरून येणारा उजेड ह्यात फरक असतो. मग गिऱ्हाईक म्हणणार "डिस्क रीड एरर येतोय", आणि बरेच रिपेअरवाले लेन्सच्या बाजूला जो बारीकसा पॉट असतो तो स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवून लेझरची पॉवर वाढवायचे. काही महिने मस्त चालायचं आणि मग डायोडच जायचा. नवी लेन्स टाका, परत तेच. दोन-तीन वेळा झालं की लोक वैतागून दुसरं मशीन घ्यायचे, आणि स्लिम पीएस २ स्वस्त झाल्यावर तर हे सर्रास झालं. त्यामुळे खपाच्या आकड्यात एकाच घरातलं दुसरं मशीन पण मोजलं गेलं आणि गेमच्या विक्रीत त्या घराची नोंद दोन्ही वेळा शून्य.

ह्याचा फटका सोनीपेक्षा आपल्यालाच जास्त बसला असं मला मनापासून वाटतं. २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' ही पीएस २ ची गेम हैदराबादच्या स्टुडिओने बनवली, त्यानंतर मुंबईच्या ट्राइन गेम्सची 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आली. विचार बरोबर होता, एवढी मशीन घरात आहेत तर आपल्या विषयावरच्या, परवडेल अशा गेम द्याव्यात. पण ज्या घरात गेमसाठी पन्नासच्या वर द्यायची सवयच नाही तिथे पाचशे पण महागच वाटतात. मशीन भरपूर आणि घेणारे थोडे, मग तो प्रवाह चार-दोन गेमनंतर आटला. आपल्याकडे कन्सोलवर गेम बनवणारी एक पिढी तयार व्हायची ती झाली नाही, आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

जगाचा हिशोब वेगळा लागतो, कारण अमेरिका, जपान, युरोपात ओरिजिनल घेणारे तेवढे होते. म्हणून पायरसीचा परिणाम एका वाक्यात सांगता येत नाही, तो परिस्थितीवर आहे. मी तीन गोष्टी बघतो.

एक म्हणजे पायरेटेड गेम खेळायला कंपनीचंच मशीन लागतं का. निन्टेन्डोच्या डीएस ह्या हातात धरायच्या कन्सोलवर आर-४ सारखी कार्डं आली, आत मेमरी कार्ड टाका आणि वाट्टेल तेवढ्या गेम भरा. त्यासाठी डीएस तर घ्यावाच लागायचा, म्हणजे निदान मशीनचे पैसे निन्टेन्डोला मिळाले, आणि निन्टेन्डो साधारणपणे मशीन तोट्यात विकत नाही. तरीसुद्धा निन्टेन्डो आणि पन्नासच्या वर गेम कंपन्या जपानमध्ये मिळून कोर्टात गेल्या आणि २००९ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या कोर्टाने ती कार्डं विकायला बंदी घातली. आता ह्याच्या उलट आपल्याकडचे नव्वदच्या दशकातले टीव्ही गेम आठवा, मीडिया वगैरे, "९९९९९९ इन १" लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटवाले. तिथे मशीनचाच क्लोन होता, निन्टेन्डोला त्यातून दमडी मिळाली नाही. आणि आजचा एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्याच जातीचा, निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलची गेम लॅपटॉपवर चालते, म्हणजे मशीन पण नाही आणि गेम पण नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोने युझू एम्युलेटरवाल्यांवर केस टाकली, त्यात आरोप होता की निन्टेन्डोच्या झेल्डा गेमचा नवा भाग बाजारात यायच्या आधीच १० लाखांवर वेळा डाउनलोड झाला, आणि पुढच्याच महिन्यात २४ लाख डॉलरवर सेटलमेंट झालं. त्यामुळे "पायरसीने कन्सोल खपतो" हे चिप आणि आर-४ च्या काळाला थोडंफार लागू होतं, एम्युलेटरला अजिबात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पायरसी कन्सोलच्या कुठल्या वयात येते. पहिल्या दोन वर्षांत पब्लिशर लोक बघत असतात की इथे पैसे टाकावे की नाही. सेगाच्या ड्रीमकास्टचं उदाहरण सगळे देतात, आणि बऱ्याच वेळा चुकीचं देतात. त्याची स्वतःची डिस्क जवळपास १ जीबीची, कॉपी करायला अवघड, पण मशीनमध्ये एका वेगळ्या म्युझिक सीडी फॉरमॅटसाठी दार ठेवलेलं होतं, २००० साली तिथूनच लोक आत शिरले. चिप नाही, सोल्डरिंग नाही, साधी बर्न केलेली सीडी टाका आणि खेळा. फुकट गेमने मशीन खपत असती तर ड्रीमकास्ट तुफान खपायला पाहिजे होता, प्रत्यक्षात ९० लाखांच्या आसपास थांबला आणि २००१ च्या मार्चमध्ये उत्पादनच बंद केलं. पण तो पायरसीने मेला असंही मी म्हणणार नाही. सेगावर आधीच्या सॅटर्न कन्सोलचा तोटा होता, इए स्पोर्ट्सच्या गेम त्यावर आल्याच नाहीत, आणि लोक डीव्हीडी चालवणाऱ्या पीएस २ साठी पैसे राखून बसले होते. आजारी माणसाला ताप यावा तशी ती पायरसी होती. पीएसपीची, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलची गोष्ट ह्याच्या उलटी, मशीन ७-८ कोटींच्या घरात गेली, पण कस्टम फर्मवेअर (मशीनचं बदललेलं सॉफ्टवेअर) आणि ते टाकायला वापरायची ती पॅन्डोरा बॅटरी आल्यावर दुकानात येणारा मुलगा आधी विचारायचा "मेमरी स्टिक भरून देता का". पीएसपीच्या ओरिजिनल यूएमडी डिस्क शोकेसमध्ये धूळ खात पडायच्या. हळूहळू मोठ्या पब्लिशरनी त्यावर गेम काढणं कमी केलं. पुढे पीएसपीच्या जागी व्हिटा आला तेव्हा सोनीने स्वतःचंच वेगळं आणि महाग मेमरी कार्ड लावलं. माझं मत असं की पीएसपीच्या अनुभवाची ती भीती होती, आणि त्या कार्डाच्या किमतीने प्रामाणिक गिऱ्हाईकच पळालं.

तिसरी गोष्ट, सरळ मार्गाने गेम मिळते का आणि परवडते का. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तुमच्या केस स्टडीत ही नसली तर ती अर्धीच राहील. पीएस ४ आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्ये ३९,९९० ला आला. चिप नाही, रस्त्यावर डीव्हीडी नाही, बरीच वर्षं त्यावर पायरसी जवळजवळ नव्हतीच. सगळे म्हणायचे की भारतात हा चालणार नाही, चार हजाराची गेम कोण घेणार. आणि चालला! कारण लोकांनी स्वतःच रस्ता काढला, नवी डिस्क घ्यायची, पंधरा दिवसात संपवायची, आणि तीनेक हजाराला विकायची किंवा दुकानात एक्स्चेंज करायची. म्हणजे ती गेम खेळायला हजारच रुपये पडले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली की अजून कमी. माझ्या दुकानात पीएस ४ च्या काळात एक्स्चेंजचा कप्पा नव्या मालापेक्षा जास्त हलायचा. जे मुलगे आधी पायरेटेड डीव्हीडी घ्यायचे तेच हे करत होते, त्यांची नियत बदलली नव्हती, फक्त परवडणारा सरळ मार्ग मिळाला होता. पीसीवर पण तेच, स्टीम ह्या ऑनलाइन गेम दुकानाने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रुपयात किमती लावल्यावर बऱ्याच जणांनी टॉरेंट सोडलं. आणि म्हणूनच डिस्क ड्राइव्ह नसलेला डिजिटल कन्सोल घ्यायला कुणी आलं की मी आधी विचारतो, तुम्ही डिस्क विकता-बदलता का, कारण मशीनमध्ये वाचलेले दहा हजार तीन-चार गेममध्ये निघून जातात.

आता तुटवडा. कंपनी मुद्दाम माल अडवते का, तर मोठ्या कन्सोलच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण परत तेच गेमचं गणित. ज्याच्याकडे मशीन नाही तो गेम घेत नाही, सबस्क्रिप्शन घेत नाही, आणि तो दुसरीकडे जाऊ शकतो. २००० साली पीएस २ अमेरिकेत आला तेव्हा ग्राफिक्सच्या चिप कमी पडल्या म्हणून पहिल्या दिवसासाठी ठरवलेली १० लाख मशीन अर्ध्यावर आणावी लागली. ते सोनीला निभावलं, कारण समोर फक्त लंगडणारा ड्रीमकास्ट होता आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा गेमक्यूब यायला अजून वर्ष होतं. निन्टेन्डो वी तर लाँचनंतर दोन वर्षं अमेरिकेत सहज मिळत नव्हता, तेव्हाही लोक हेच म्हणायचे की मुद्दाम करतात. प्रत्यक्षात २००७ मध्ये निन्टेन्डो महिन्याला १८ लाख बनवत होती आणि २००८ मध्ये ते २४ लाखांवर नेलं. माल अडवून ठेवायचा असता तर कोणी फॅक्टरीची क्षमता वाढवत नाही.

पीएस ५ चे आकडे ह्याहून बोलके आहेत. सोनीने २०२१-२२ साठी १ कोटी ४८ लाखांचं टार्गेट जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते १ कोटी १५ लाखांवर आणावं लागलं, कारण पार्ट मिळत नव्हते. जगभर चिपचाच तुटवडा होता, गाड्यांच्या कंपन्या सुद्धा थांबल्या होत्या. शेअर बाजारासमोर स्वतःचा आकडा असा खाली आणणं कुठल्याही कंपनीला नको असतं. आणि हाइपचं म्हणाल तर माल मुबलक झाल्यावर २०२३-२४ साठी सोनीने २ कोटी ५० लाखांचं टार्गेट ठेवलं, ते गाठता आलं नाही, २ कोटी ८ लाखांवर वर्ष संपलं. म्हणजे तुटवड्यात साठलेली मागणी सगळीच्या सगळी थांबून राहिली नव्हती. काही पुढे ढकलली गेली आणि काही विरली.

ती कुठे विरली ते मी सांगू शकतो. भारतात पीएस ५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, बाकी जगाच्या दोन-अडीच महिने नंतर, ४९,९९० ला. प्री-ऑर्डर १२ जानेवारीला दुपारी उघडली आणि काही मिनिटांत संपली. त्यानंतर प्रत्येक रिस्टॉक असाच, दुपारी बाराला लिंक, बाराला पाच मिनिटं असताना पंचवीस मुलं मोबाईल घेऊन रिफ्रेश मारतायत, पिनकोड टाकला की "डिलिव्हरी उपलब्ध नाही". आमच्याकडे वहीत नावांची यादी, आणि डिस्ट्रिब्युटरकडून येणार किती, तर एखाद-दुसरा बॉक्स, तो पण सुटा नाही, त्याबरोबर न खपणाऱ्या गेम आणि जादा कंट्रोलर घ्यायचे तरच. ते ओझं शेवटी गिऱ्हाईकावरच पडायचं. बाहेर तोच बॉक्स सत्तर हजारापर्यंत मागत होते. आता विचार करा, वरचे वीस हजार कुणाला गेले? सोनीला नाही, बिलाने विकणाऱ्या दुकानदाराला नाही, ते गेले साठा करणाऱ्याला. आणि ज्याने सत्तर हजार दिले त्याचं गेमचं बजेट तिथेच संपलं. माझ्या काउंटरवर हे स्पष्ट दिसायचं, एमआरपीला मशीन मिळालेला मुलगा त्याच दिवशी दोन गेम आणि एक कंट्रोलर घेऊन जायचा, ब्लॅकमध्ये घेतलेला यायचा तो फक्त सेकंडहँड डिस्क बघायला.

यादीतले काहीजण कंटाळून गेमिंग लॅपटॉपकडे गेले, काहींनी पीएस ४ वरच भागवलं. सोनीला पण ते कळत होतं, म्हणून 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' सारख्या मोठ्या गेम २०२२ मध्ये पीएस ४ वर सुद्धा काढल्या. गेम विकायची तर जिथे मशीन आहेत तिथे विकावी लागते. पण त्यामुळे नवं मशीन घ्यायची घाई अजूनच कमी झाली, हेही तेवढंच खरं.

मुद्दाम कमी माल काढला जातो तो लिमिटेड एडिशनमध्ये, रंगीत कन्सोल, खास बंडल वगैरे, तिथे आकडा आधीच ठरलेला असतो आणि तेच विकण्याचं कारण असतं. मधली एक केस म्हणजे निन्टेन्डोचा एनईएस क्लासिक, त्यांच्या जुन्या एनईएस कन्सोलची छोटी आवृत्ती, गेम आतच भरलेल्या, २०१६ च्या नोव्हेंबरात आला, कुठे मिळेना, २३ लाखांवर गेल्यावर एप्रिल २०१७ मध्ये बंद केला, आणि २०१८ ला परत आणला. ह्यात तुमचे दोन्ही प्रश्न एकत्र येतात, कारण ज्यांना मिळाला नाही त्यांनी स्वस्तातले क्लोन घेतले किंवा रास्पबेरी पाय ह्या छोट्या स्वस्त कॉम्प्युटरवर त्याच गेम टाकून खेळले. माल पोचला नाही की गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेने जातं, आणि भारतात तर हे तीस वर्षं चालू आहे. स्विच इथे अधिकृतपणे आलाच नाही, सगळा ग्रे माल, म्हणजे कंपनीला वगळून बाहेरून आणलेला, वॉरंटी नाही. मग २०१८ मध्ये सुरुवातीच्या स्विचच्या चिपमध्ये सॉफ्टवेअर अपडेटने न बुजणारं भोक सापडलं, आणि लगेच सेकंडहँड मार्केटमध्ये सिरियल नंबर विचारून जुनं मशीन जास्त पैसे देऊन घेणारे तयार झाले. जिथे कंपनी स्वतः नाही तिथे तिच्या बाजूने बोलणारं पण कोणी नसतं.

केस स्टडीसाठी एक तुलना सुचवतो. डीएस विकले गेले १५.४ कोटी, आणि स्विच मार्च २०२५ पर्यंत १५.२ कोटी. मशीनचा आकडा जवळजवळ सारखाच. पण डीएसच्या गेम ९५ कोटींच्या आसपास आणि स्विचच्या १३९ कोटींच्या आसपास, म्हणजे एका डीएसमागे सहा आणि एका स्विचमागे नऊ. हा सगळा फरक पायरसीचा आहे असं लिहू नका, डीएस खूप अशा लोकांनी घेतला होता ज्यांना ब्रेन ट्रेनिंगसारख्या दोनच गेम पाहिजे होत्या, आणि स्विचच्या काळात डाउनलोडची विक्री आली, सेल आले. पण आर-४ चा त्यात वाटा नाही असं म्हणणं पण बरोबर नाही. निन्टेन्डो आणि सोनी दोघं दर तिमाहीला मशीन आणि गेम दोन्हीचे आकडे जाहीर करतात, तिथून घ्या, भागाकार करा, आणि प्रत्येक कन्सोलसाठी तो क्रॅक कधी झाला ते वर्ष शेजारी लिहा. पीएस ३ मुद्दाम घ्या, तो २००६ च्या नोव्हेंबरपासून २०१० पर्यंत फुटलाच नाही आणि तरी सुरुवातीला हळू खपला, कारण किंमत. एक्सबॉक्स ३६० पण घ्या, त्यात ड्राइव्हचं फर्मवेअर बदलून कॉपी चालायच्या आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने असे ढिगाने बॉक्स लाइव्हवरून, म्हणजे एक्सबॉक्सच्या ऑनलाइन सेवेवरून बॅन केले, ते सगळे सेकंडहँडला आले आणि न बॅन झालेल्याची किंमत एकदम वर गेली.

आणि जमलं तर तुमच्या गावातल्या दोन-तीन जुन्या गेम दुकानदारांना भेटा, त्यांना किती मशीन विकली ते विचारू नका, ते सगळे फुगवूनच सांगतील, एक मशीन घेतलेलं गिऱ्हाईक वर्षात किती वेळा परत येतं ते विचारा.